घरचा सर्व्हर

घरचा सर्व्हर म्हणजे घरातच, बहुधा राउटरच्या शेजारी, चोवीस तास चालू ठेवलेला एक साधा संगणक. कुटुंबाचे फोटो, फायली, पासवर्ड, कॅलेंडर, फोन नंबरांची यादी, गाणी-चित्रपट, स्कॅन केलेली कागदपत्रे असे जे जे एरवी दूरच्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये जाऊन पडते, ते तो सांभाळतो आणि घरातल्या फोनना, लॅपटॉपना हवे तेव्हा पुरवतो. जगभर या उद्योगाला सेल्फ-होस्टिंग म्हणतात. त्यासाठी लागणारे बहुतेक सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे आणि फुकट मिळते. खर्च होतो तो यंत्रावर, विजेवर आणि सर्वांत जास्त घरातल्या कोणाच्या तरी रविवारांवर.

कल्पना नवी नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तो स्वतःच्या कामाच्या नेक्स्ट संगणकावर, आणि त्यावर लाल शाईत लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. ई-मेल पोहोचवण्याचा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ मधला. त्यातही कोणताही संगणक कोणत्याही संगणकाला थेट पत्र देईल असेच गृहीत धरले होते. सगळ्यांची पत्रे चार-पाच कंपन्यांच्या कोठारांतून जावीत, अशी काही या जाळ्याची मूळ रचना नव्हती.

भारतीय घरांनी मात्र तो काळ जवळजवळ पाहिलाच नाही. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून. इंटरनेट चालू असले की फोन गुंतलेला, फोन आला की इंटरनेट तुटलेले, वर कॉलचे बिल वेगळे. अशा जोडणीवर घरात सर्व्हर ठेवण्याचा विचार कोणी करणे शक्यच नव्हते. पत्रपेटी बाहेर, कोणाकडे तरी असणेच भाग होते, आणि हॉटमेलने ती १९९६ मध्ये फुकट दिली. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले तेव्हा हॉटमेलच्या २ मेगाबाइटच्या जागी एकदम १ गिगाबाइट जागा मिळू लागली. क्लाउडकडे जाणे हा तेव्हाचा शहाणपणाच होता. घरापर्यंत फायबर आल्यानंतर, म्हणजे जोडणी कायमची आणि बऱ्यापैकी वेगवान झाल्यानंतर, सर्व्हर घरीच का ठेवू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा झाला.

तो विचारायला लावणारे प्रसंगही मधल्या काळात घडत गेले. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तके त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसली. हक्कांचा घोळ झाला होता, पैसे परत दिले गेले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी होती, आणि एवढा उपरोध एखाद्या लेखकाने कथेत रचला असता तर संपादकाने तो भडक म्हणून काढून टाकला असता. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रे उघड केली. त्याच वर्षी १ जुलैला गूगल रीडर बंद झाले. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर ऑर्कुट गेले. महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या महाविद्यालयीन ओळखी आणि थट्टामस्करी त्यावर साठलेली होती. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली, तोवर लोकांना फोन भरला की वर ढकलण्याची सवय लागून गेली होती.

सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग सॅन फ्रान्सिस्कोमधला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका वडिलांनी आजारी बाळाचे फोटो डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढले. ते आपोआप क्लाउडमध्ये चढले, तिथल्या स्वयंचलित तपासणीने त्यांना बाललैंगिक शोषणाचे साहित्य ठरवले आणि गूगलने खाते बंद केले. ई-मेल गेले, फोटो गेले. फोनची सेवाही त्याच कंपनीची असल्याने नंबरही गेला. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ मध्ये ही हकीकत छापली. मुंबईच्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूला घराबाहेर काढायचे तर मालकाला न्यायालयात कारण सिद्ध करावे लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्याच्या पाठीशी उभा असतो. पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य साठवलेल्या डिजिटल खात्याला असे संरक्षण जवळपास नाही. घरच्या सर्व्हरकडे वळणाऱ्यांतल्या अनेकांची खरी धास्ती ही आहे. खाजगीपणाचा मुद्दा ते आधी मांडतात, पण झोप उडते ती खाते एका सकाळी उघडणारच नाही या विचाराने.

यंत्र फार मोठे लागत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाने या छंदाला मोठा हात दिला. साधारण ५ वॅट खाणारे यंत्र महिनाभर अखंड चालले तर ३.६ युनिट वीज जाते. माळ्यावर पडलेला जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर तेच ४३ युनिट होतात. फुकटचे यंत्र वीजबिलातून किंमत वसूल करते. जुना लॅपटॉप हा मधला मार्ग, कारण वीज गेली तरी त्याची स्वतःची बॅटरी असते. मात्र वर्षानुवर्षे चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी फुगते, तेव्हा तिच्याकडे अधूनमधून पाहावे. राउटर आणि फायबरचा डबा हे दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले नाहीत तर सर्व्हर एकटा जागा राहून उपयोग नाही.

त्यावर काय चालवायचे याची यादी आवडीप्रमाणे वाढते. फायली आणि कॅलेंडरसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपट-गाण्यांसाठी जेलीफिन, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, घरातले दिवे-पंखे सांभाळायला होम असिस्टंट. शेवटच्या नावाशी जरा जपून: सगळे दिवे त्याच्या हाती दिले आणि तो अडला की अंधारात बटण चाचपडणाऱ्या सासूबाईंना तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य समजावून सांगणे कठीण जाते.

दोन कामे मात्र अशी आहेत की त्यांच्यासाठी एवढा खटाटोप करावा. पहिले फोटोंचे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या इमिच या प्रकल्पाने मोठ्या कंपन्यांच्या फोटो-अ‍ॅपमधल्या जवळजवळ सगळ्या सोयी घरात आणल्या: फोनमधून आपोआप प्रत, चेहऱ्यांवरून माणसे ओळखणे, ‘पावसातली छत्री’ असे वर्णन देऊन शोधणे. चेहरे ओळखण्याचे गणित घरच्याच यंत्रावर होते, आजीचा चेहरा कोणाच्या जाहिरातयंत्राला खाद्य होत नाही. हा प्रकल्प प्रामाणिकही आहे. फोटो साठवण्याचा एकमेव मार्ग म्हणून याचा वापर करू नका, असा इशारा त्याच्या कर्त्यांनी सुरुवातीची वर्षे ठळकपणे देऊन ठेवला होता. दुसरे काम कागदपत्रांचे. पेपरलेस-एनजीएक्स हे सॉफ्टवेअर स्कॅन केलेल्या कागदातला मजकूर टेसरॅक्ट या अक्षरवाचकाकडून वाचून घेते, आणि टेसरॅक्टला मराठी येते. सातबारा, खरेदीखत, शाळेचा दाखला, विम्याचे पत्र असे सारे एकदा आत गेले की ‘फेरफार’ असा शब्द टाकून दहा वर्षांपूर्वीचा कागद क्षणात सापडतो. छपाई स्वच्छ असली तर वाचन चांगले होते. तलाठ्याच्या हस्ताक्षरापुढे तो हात टेकतो आणि मोडीची त्याला ओळखच नाही. तरीही, मराठी घरातल्या पत्र्याच्या पेटीतले कागद ज्या अवस्थेत असतात ते पाहता, ही सोय मोलाची आहे.

खरी अडचण यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची नसून पत्त्याची आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते ४२९ कोटींच्या आसपास आहेत. जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि आशियाच्या वाट्याचा मुख्य साठा त्याच एप्रिलमध्ये. भारतात घरोघरी ब्रॉडबँड आणि हातोहाती स्मार्टफोन आले ते त्यानंतर. मग सेवा देणाऱ्या कंपन्यांनी तोडगा काढला: एकाच जाहीर पत्त्यामागे शेकडो ग्राहक उभे करायचे. याला कॅरियर-ग्रेड नॅट म्हणतात. घरातून बाहेर जायला यात काही अडत नाही, पण बाहेरून कोणी घरी यायचे म्हटले की दारच सापडत नाही. राउटरच्या माहितीपानावर जोडणीचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर ते घर या सामाईक पत्त्यामागे आहे असे समजावे. ही पट्टी २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवली गेली.

यातून तीन वाटा निघतात. काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन कायमचा, स्वतंत्र पत्ता देतात. मिळत असेल तर घ्यावा. दुसरी वाट आयपीव्ही६ या नव्या पद्धतीची. तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही आणि तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, पण पलीकडच्या टोकालाही ती असावी लागते. पाहुणा एखाद्या जुन्या कार्यालयातल्या वाय-फायवर असला की संपले. तिसरी आणि सर्वांत चालणारी वाट म्हणजे आतून बाहेर खणलेला बोगदा. वायरगार्ड हा त्यासाठीचा आटोपशीर नियमसंच मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. त्याच्यावर उभ्या असलेल्या टेलस्केलसारख्या सेवा दोन्ही टोकांच्या यंत्रांची गाठ घालून देतात आणि मजकूर कुलूपबंद राहतो. साताऱ्यातल्या घरी पडून असलेल्या डिस्कवरचे बारशाचे फोटो न्यू जर्सीतल्या मुलीच्या फोनवर दिसतात ते असे. पण गाठ घालून देणारी ती सेवा पुन्हा एक कंपनीच असते. भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन हे कामही स्वतः करता येते. मग तो भाड्याचा असतो. स्वावलंबनाची ही साखळी कुठे ना कुठे दुसऱ्याच्या हातात जातेच. डोमेनचे नाव दरवर्षी कोणाकडून तरी घ्यावे लागते, तार कोणाची तरी असते, वीज महावितरणची असते. किती अवलंबून राहायचे आणि कोणावर, एवढे ठरवण्याची मुभा मिळते, आणि ती कमी नाही.

ई-मेलबाबत तीही मिळत नाही. तांत्रिकदृष्ट्या पत्रांचा सर्व्हर घरी चालवता येतो, नियम १९८२ पासून उघडे आहेत. पण स्पॅमच्या लढाईत मोठ्या पेट्यांनी आपले दरवाजे इतके अरुंद केले की घरगुती जोडणीचा पत्ता मुळातच संशयित धरला जातो. अनेक ब्रॉडबँड कंपन्या पत्रे पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट बंदच ठेवतात. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तिन्ही ओळखपत्रांची पूर्तता करूनही नोकरीच्या अर्जाचे पत्र पलीकडे स्पॅममध्ये जाऊन पडू शकते, आणि ते पडल्याचे पाठवणाऱ्याला कोणी कळवत नाही. हे काम घरी करू नये. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे, पेटी पैसे घेऊन सेवा देणाऱ्या एखाद्या चांगल्या कंपनीकडे ठेवावी. उद्या ती बिघडली तर पत्ता तोच ठेवून पेटी हलवता येते.

सुरक्षेचा हिशेब दोन्ही बाजूंनी करावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीची घरोघरची साठवणयंत्रे गाठली, फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन मागितले. सापडली ती इंटरनेटवर थेट उघडी ठेवलेली यंत्रे. त्याच वर्षीची लास्टपासची घटना आणखी बोलकी आहे. लक्षावधी लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या या कंपनीतून चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या कुलूपबंद प्रती पळवल्या. शिरकाव झाला तो एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून. त्यावर प्लेक्स या चित्रपट-सर्व्हरची जुनी आवृत्ती होती, जिच्यातले भोक मे २०२० मध्येच बुजवले गेले होते. म्हणजे घरच्या सर्व्हरच्या हलगर्जीपणाने क्लाउड फुटला. क्लाउड की घर असा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही गोष्ट आपल्या सोयीने सांगू नये. तिचा अर्थ इतकाच की अपडेट करायला कंटाळणाऱ्याने सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडू नये. बोगद्यामागे ठेवला तर धोका खूपच उतरतो.

डेटा हरवण्याचा धोका चोरीहून मोठा आहे. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणारी रेड पद्धत डिस्क बिघडली तर वाचवते, चुकून पुसले तर दोन्हीकडे तत्परतेने पुसते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी, हा जुना नियम पाळावा लागतो. तो मोठ्यांनाही सुटलेला नाही. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमधले ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, आणि ज्यांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या त्यांचे दोन्ही गेले. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीचा खाजगी क्लाउड गूगल क्लाउडमधल्या एका चुकीच्या मांडणीमुळे पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासद असलेली ही संस्था सावरली, कारण तिने एक प्रत भलत्याच कंपनीकडे ठेवली होती. महाराष्ट्रात दुसरी जागा म्हणजे दुसरी खोली असा अर्थ घेऊन चालत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. बोर्ग किंवा रेस्टिकसारखी साधने प्रत कुलूपबंद करून पाठवू शकतात, त्यामुळे सांगलीच्या घरची प्रत नाशिकच्या मावशीकडे आणि नाशिकची सांगलीला अशी अदलाबदल करता येते. मावशीला ती वाचता येत नाही, आणि हे तिला आधीच सांगितलेले बरे.

आणि इथूनच तो विषय सुरू होतो ज्याबद्दल या छंदाची पुस्तिका फारसे बोलत नाही: खाजगीपणा नेमका कोणापासून? डेटा कंपनीच्या हातून घरात आला म्हणजे घरातल्या एकाच्या हातात आला. नेक्स्टक्लाउडच्या नेहमीच्या मांडणीत आणि इमिचमध्ये, सर्व्हर चालवणाऱ्याला मनात आणले तर सगळ्यांच्या फायली आणि फोटो पाहता येतात. जाहिराती अडवण्यासाठी बसवलेले पाय-होल त्याहून पुढे जाते. घरातल्या प्रत्येक फोनने कोणत्या क्षणी कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला याची नोंद ते सुबक तक्त्यात मांडते. रात्री दोनला मुलगी कोणत्या संकेतस्थळावर होती, पत्नीने कोणत्या वकिलाचे किंवा डॉक्टरचे पान उघडले, हे कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याच्या कुतूहलाचे विषय नाहीत. घरातल्या माणसाच्या कुतूहलाचे असू शकतात. दूरच्या कंपनीला लाखो माणसांच्या गर्दीत एकाचे काही पडलेले नसते. घरच्या प्रशासकाला पडलेले असते.

कायदा इथे उंबऱ्याबाहेर थांबतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. कोणी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी जो डेटा हाताळते त्याला हा कायदा लागूच होत नाही. स्वयंपाकघरातल्या पत्त्यांच्या वहीसाठी सरकारी नियम नकोत, म्हणून ही सूट रास्तच आहे; पण कंपनीकडे दाद मागण्याचा जो हक्क सुनेला मिळाला तो सासरच्या सर्व्हरपुढे चालत नाही. तेव्हा जो सर्व्हर बसवतो त्याने काही गोष्टी स्वतःहून कराव्यात. पाय-होलमध्ये नोंदी झाकण्याच्या पायऱ्या आहेत, त्यातली वरची निवडावी. पासवर्डची तिजोरी अशी असावी की मालकाशिवाय कोणाला उघडता येणार नाही. व्हॉल्टवॉर्डनमध्ये ती तशीच असते, किल्ली सर्व्हरकडे नसते. आणि घरात कोणाला आपले फोटो घरच्या सर्व्हरवर नको असतील तर त्या माणसाचे क्लाउड खाते चालू राहू द्यावे. त्याला हट्टाने स्वतंत्र करण्यात काही अर्थ नाही.

दुसरा प्रश्न त्या प्रशासकाच्या पश्चात काय, हा. गूगलने एप्रिल २०१३ पासून निष्क्रिय खात्यासाठी वारस नेमण्याची सोय ठेवली आहे; घरच्या सर्व्हरला अशी सोय कोणीतरी लिहून ठेवावी लागते. चालवणारा बहुधा एकटाच असतो, त्याने केलेली मांडणी त्यालाच ठाऊक असते, आणि डिस्क कुलूपबंद केलेली असली तर किल्ली त्याच्याबरोबर जाते. वीस वर्षांचे फोटो टेबलावर समोर असून उघडत नाहीत, अशी वेळ घरावर येते. उपाय तंत्रज्ञानाचा नाही, कागदाचा आहे. मुख्य पासवर्ड, डिस्क कुठे आहेत, दुसरी प्रत कोणाकडे आहे, डोमेनचे पैसे कधी भरायचे आणि सगळे गुंडाळायचे झाले तर फोटो बाहेर कसे काढायचे, एवढे दोन पाने मराठीत लिहून मृत्युपत्राच्या किंवा विम्याच्या कागदांबरोबर ठेवावे. ते वाचून घरातल्या दुसऱ्या माणसाला एकदा फोटो काढून दाखवायला सांगावे. तिथे अडले तर पाने पुन्हा लिहावीत.

एकेका घराने हे ओझे का उचलायचे, असाही विचार झाला आहे. कोलंबिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक एबेन मॉग्लेन यांनी २०१० मध्ये भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा स्वस्त सर्व्हर घरोघरी असावा अशी मांडणी केली. त्यातून फ्रीडमबॉक्स निघाला. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने २०१४ पासून लोकांसाठी मुक्त सेवा चालवल्या, आणि २०१९ मध्ये त्यांतल्या बऱ्याच टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, कारण सगळे लोक आता त्यांच्याचकडे येऊ लागले होते. त्यांनी लोकांना छोट्या, जवळच्या संस्थांकडे जायला सांगितले. गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या, वाचनालये यांची सवय असलेल्या महाराष्ट्रात पन्नास घरांचा एक सर्व्हर, पगारी देखभाल आणि वार्षिक सभेत हिशेब ही पद्धत घरोघरच्या एकांड्या शिलेदारांपेक्षा अधिक टिकाऊ ठरेल. शेजाऱ्याच्या नजरेचा प्रश्न तिथेही आहे, म्हणून तिथे मालकालाच उघडता येईल अशी तिजोरी अटीतच लिहून घ्यावी लागेल.

तोवर ज्याला घरी सुरुवात करायची आहे त्याने कागदपत्रे आणि फोटो यांपासून करावी, ई-मेल बाहेरच राहू द्यावे, आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी पोहोचून तिथून एक फोटो परत उघडून पाहिल्याशिवाय जुने खाते बंद करू नये.